पहिल्या ओळीतलं शेवटचं घर

त्या दिवशी पहिल्या ओळीतलं शेवटचं घर पिवळं झालं. ते घर निमकर मॅडमचं होतं. मी प्लेट यंत्रातून काढली आणि खिडकीपाशी नेली. मॅडम मागे स्टुलावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघू." मी प्लेट त्यांच्या हातात दिली.

हे समजण्यासाठी थोडं आमच्या कामाविषयी सांगायला हवं. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचं रुग्णालय होतं. तिथल्या प्रयोगशाळेत मी रक्त तपासण्याचं काम करत असे. डॉ. शालिनी निमकर या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. एलायझा नावाच्या तपासणीत प्लास्टिकची एक प्लेट असते, तिच्यात ओळीने लहान लहान खाचा असतात. त्यांना आम्ही घरं म्हणायचो. एका घरात एका माणसाचं सीरम घालायचं, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते पाणी. ज्या विषाणूचा शोध घ्यायचा आहे तो त्या माणसाच्या अंगात कधी येऊन गेला असेल, तर शेवटी घर पिवळं होतं. आला नसेल तर कोरं राहतं. सीएमव्हीच्या प्रत्येक प्लेटमध्ये पहिल्या ओळीतलं शेवटचं घर मॅडमचं असे आणि आजवर ते नेहमी कोरं राहिलं होतं.

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. हे नाव मॅडम वाड्यापाड्यांवर कधी उच्चारत नसत. तिथे त्या नुसतं "तो" म्हणत. तो लहानपणी येतो, लाळेतून, लघवीतून, आईच्या दुधातून. थोडा ताप देतो, पुष्कळदा तोही देत नाही, आणि मग जन्मभर अंगात निजून राहतो. बहुतेक माणसांना तो आपल्यात आहे हे मरेपर्यंत कळत नाही. कळण्याची गरजही नसते.

मॅडम आमच्याकडे आल्या तेव्हा नव्वदचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. ठेंगण्या होत्या. केस कापलेले, कानात काही नाही, साडी नेहमी सुती आणि पदर कमरेला खोचलेला. चालताना त्या किंचित पुढे झुकत, जणू पुढच्या खोलीत काहीतरी उकळायला ठेवलं आहे. खांद्यावरच्या शबनम पिशवीत त्यांचा स्वतःचा झाकणाचा स्टीलचा पेला असे. चहा कुठेही असो, त्या पेल्यातच घ्यायचा. या पेल्यावरून रुग्णालयात बरंच बोलणं चाले. आयाबाई म्हणत, "मॅडम मोठ्या सोवळ्याच्या." त्यांच्या कानावर ते गेलं असणार. त्यांनी कधी खुलासा केला नाही.

एका शब्दाचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा होता. तो शब्द म्हणजे दोष. कुणी म्हणालं, "रिपोर्टमध्ये दोष आलाय," की त्या मान वर करून विचारत, "दोष कुणाचा? रक्ताचा, की वाचणाऱ्याचा?" आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोळा लावत.

हे काम त्यांनी का हाती घेतलं, त्याची गोष्ट साधी आहे. त्या वर्षांत गावोगावचे डॉक्टर पोट पडलेल्या बायकांची एक ठरावीक तपासणी करून घ्यायला लागले होते. तीत चार-पाच जंतूंची चाचणी असे, आणि सीएमव्हीपुढे जवळजवळ नेहमी पॉझिटिव्ह असं येई. मग बाईला सांगत, तुझ्या रक्तात इन्फेक्शन आहे, म्हणून मूल राहत नाही. बाई तो कागद पदरात बांधून घरी जाई आणि घर तो कागद तिच्या तोंडावर मारी. मॅडमना प्रश्न पडला, ज्यांचं पोट पडलं नाही त्यांच्यात काय आहे? त्यांची तपासणी तर कुणी करतच नव्हतं.

मुंबईतल्या त्यांच्या एका वर्गमित्राने किट मिळवून दिले. मॅडमनी रुग्णालयातली माणसं गटागटाने घेतली. प्रत्येकाला आधी विचारून, नको म्हणेल त्याला सोडून. गरोदर बायका. कावीळ झालेली नवजात बाळं. भातसानगरच्या धरणवसाहतीत शिबिर झालं तिथले रक्तदाते. पोलीस भरतीआधी तपासणीला आलेले धडधाकट तरुण. मूत्रपिंडाचे रोगी. आणि शेवटच्या खोलीतले, ज्यांच्या आजाराचं नाव तेव्हा सगळे हळू आवाजात घेत.

पहिली प्लेट रक्तदात्यांची होती. ती मी लावली. शेवटचा थेंब टाकला आणि सगळी प्लेट पिवळी झाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फुललेल्या मोहरीच्या शेतासारखी.

"धुवायला चुकलीस," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम."

"मग पुन्हा लाव."

पुन्हा लावली. पुन्हा पिवळी. तेव्हा त्यांनी बाही वर केली, म्हणाल्या, "माझं घे." तिसऱ्या वेळी सगळ्या पिवळ्या घरांत एकच घर कोरं राहिलं. मॅडम त्याच्याकडे बराच वेळ पाहत होत्या. मग हसल्या. "म्हणजे तुझं धुणं बरोबर आहे. आणि मी गावात एकटी आहे."

किटबरोबर निगेटिव्ह नमुना कंपनीच देते. मी तसं म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "कंपनीचा कंपनीला लखलाभ. मला माझ्या तालुक्यातलं पाणी पिणारा निगेटिव्ह हवा." तेव्हापासून पहिल्या ओळीतलं शेवटचं घर त्यांचं झालं. आणि तेव्हाच मला त्या पेल्याचं कारण कळलं. तो आपल्यात कधी आलाच नसावा, अशी शंका त्यांना आधीपासून होती. त्यांची आई बाळंतपणातच गेली होती. मामाच्या घरी त्या एकट्या वाढल्या, वरच्या दुधावर, दुसरं मूल नसलेल्या घरात. कुणाचं उष्टं कधी खाल्लं नाही, कारण उष्टं द्यायलाच कुणी नव्हतं. वडिलांनी पुढे दुसरं लग्न केलं, त्या आईचा मुलगा अरुण. तो त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान, आणि दोघांची खरी ओळख मोठेपणी झाली.

"इतकी वर्षं कोरी राहिले," त्या म्हणत, "आता कामासाठी राहते. असा निगेटिव्ह बाजारात मिळत नाही."

टोकावड्याच्या बाजूच्या एका डोंगरवाडीतली हिरा आमच्याकडे आली ती सासूबरोबर. वीस-बावीसची असेल. दोनदा पोट पडलेलं. सासूचं नाव जनी. तिने कनवटीचा कागद काढून टेबलावर ठेवला.

"रगतात खोट हाय म्हंतात, बाय. डागदरनी लिवून दिलाय."

मॅडमनी कागद पाहिला. तोच पॉझिटिव्ह शब्द, लाल शाईने अधोरेखित. त्यांनी विचारलं, "आजी, तुम्हाला मुलं किती?"

"पाच. येक गेला."

"मग तुमचं रक्त घेऊ का थोडं?"

"माजा कशाला? मी कंची पोटुशी हाय?"

हिरा पदरात हसली. सासूने तिच्याकडे पाहिलं तशी गप्प झाली. मग सासूच सांगायला लागली. मुलगा काळू एकुलता नाही, पण कर्ता तोच. वाडीतले पंच बसणार आहेत, आमुशा झाली की. काडीमोड करायची आणि पोरीला माहेरी पाठवायची. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पीक बुडालं की दुसरं पेरायचं, तशा सुरात ती बोलत होती. हिरा खाली बघत होती आणि नखाने टेबलाचा रंग खरवडत होती.

मॅडम म्हणाल्या, "पंचांना सांगा, निमकर बाई येणार आहेत. माझ्याआधी काडी मोडू नका."

आम्ही एसटीने टोकावड्याला उतरलो आणि पुढे चालत गेलो. मी बर्फाची पेटी धरली होती. मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यावर माणसं जमली होती. मधोमध लक्ष्मणबाबा, वाडीतला जाणता माणूस, डोक्याला मळकं मुंडासं. काळू एका कडेला उभा होता आणि कुणाकडेच पाहत नव्हता.

मॅडम ओट्यावर बसल्या नाहीत. खालीच उभ्या राहून म्हणाल्या, "हिराच्या रक्तात जे आहे ते तुमच्यात कुणात नाही, एवढं मला दाखवा. मग खुशाल काडी मोडा. मी स्वतः काडी आणून देईन."

"दाखवाचा कसा?" लक्ष्मणबाबाने विचारलं.

"दंड पुढे करा."

कुजबुज झाली. एकजण म्हणाला, "बाय आमचा रगत काढून मुंबईला इकनार."

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या रक्ताला मुंबईत कोण विचारतंय, दादा? तिथे तुमचं पाणी जातं तेवढं पुरे आहे."

यावर हसू पिकलं. लक्ष्मणबाबाने मुंडासं सारखं केलं आणि बाही वर केली. "घ्या. बैलाला टोचाला येनारा डागदर बी एवढा बोलत नाय."

त्याने दंड पुढे केल्यावर बाकीच्यांना मागे राहता येईना. शेवटी जनीआजीनेही दिलं, तोंड दुसरीकडे करून.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. मॅडमनी प्लेटच बरोबर घेतली होती, पिवळी झालेली, झाकण लावून. त्यांनी एकेकाला बोलावून त्याचं घर दाखवलं. हे लक्ष्मणबाबाचं, पिवळं. हे काळूचं, पिवळं. हे जनीआजीचं. हे हिराचं. दोघींच्या घरांतला रंग बघा, काही फरक दिसतो का? लक्ष्मणबाबाने प्लेट उन्हात धरली, डोळे बारीक केले, सगळी घरं पाहिली.

"आमच्यात सगल्यांच्यात हाय?"

"सगळ्यांच्यात."

"मंग काडी कुनाकुनाची मोडाची?"

आधी कुणी हसलं नाही. मग काळूच पहिल्यांदा हसला, आणि त्याच्यामागे बाकीचे.

जनीआजी हसत नव्हती. ती मॅडमच्या जवळ आली. "बाय, मंग माज्या काळूला ह्यो कुठून आला?"

"बहुतेक तुमच्या दुधातून, आजी."

"मी काय त्याला इख पाजला?"

"नाही. तुम्ही पाजलंत म्हणून तो लहानपणीच ओळखीचा झाला. लहानपणी येतो तो बहुधा मुकाट बसतो. मोठेपणी पहिल्यांदा आला, आणि त्या वेळी अंगात ताकद नसली, तर तो छळतो. तुम्ही काळूवर उपकारच केलेत."

लक्ष्मणबाबाने मान हलवली. "भातखाचराच्या बांधात खेकडा असतोच," तो म्हणाला. "बांध पक्का असला तर खेकडा बी र्‍हातो न पानी बी र्‍हाता. बांध खचला का मग त्याच बिळातून सगला पानी जाता. लोक म्हंतात खेकड्याने नेला."

मॅडमनी हे वाक्य त्याच्याकडून उचललं आणि मरेपर्यंत वापरलं. मुंबईच्या एका परिषदेतही त्यांनी ते इंग्रजी भाषणात जसंच्या तसं मराठीतून म्हटलं होतं, आणि मग पुढची पाच मिनिटं बांध म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं.

निघताना कुणीतरी विचारलं, "बाय, तुमच्यात हाय का नाय ह्यो?"

"माझ्यात नाही."

मागून एक बाई म्हणाली, "तरीच. तरीच तुमी आमच्या कपात चाय पीत नाय. आमाला वाटला जातीचा हाय."

मॅडमचा चेहरा तेव्हा बदललेला मी पाहिला. त्यांना हे माहीत नव्हतं. रुग्णालयातलं बोलणं वेगळं, इथलं वेगळं. त्यांनी शबनममधला पेला काढला, हातात फिरवला आणि परत आत टाकला. "चहा उकळलेला असतो," त्या म्हणाल्या. "त्यातून काही येत नाही. तुमच्या कपात द्या." त्या दिवशी त्यांनी कानतुटक्या कपातून दोनदा चहा घेतला. पेला पुन्हा कुणी पाहिला नाही. उष्ट्याचं मात्र त्यांनी सांभाळलं. पोरं तोंडातलं बोर काढून पुढे करत, तेव्हा त्या त्यांचा गालगुच्चा घेत आणि लगेच हात धूत.

हिराची खरी अडचण थायरॉईडची निघाली. रोजच्या गोळीने ती भागली. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले, आणि पोर दिवस भरायच्या आधीच जन्मली, आमच्याच रुग्णालयात, इतकी लहान की तिची टाच माझ्या अंगठ्याएवढी होती. तिला थोडं रक्त द्यायची वेळ आली. काळू, त्याचा भाऊ, लक्ष्मणबाबाचा मुलगा, सगळे बाह्या वर करून दारात उभे.

मॅडम म्हणाल्या, "तुमचं रक्त उत्तम आहे. पण हिचा बांध अजून घातला जातोय. तोवर खेकडा नको." त्यांचा रक्तगट ओ होता. रीतसर जुळणी झाली आणि त्यांचं रक्त दिलं गेलं. बाळाला आईचं दूध पाजू की नको, असं जनीआजीने घाबरत विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आजी, दुधावरून भांडायचं नाही असं आपलं ठरलंय ना?" आणि नर्सला दूध कसं काढून कसं द्यायचं ते सांगत बसल्या. पोर जगली. तिचं नाव तारा.

गटांचं काम पुढे काही वर्षं चाललं. जे दिसलं ते मॅडम दोन वाक्यांत सांगत: तो जवळजवळ सगळ्यांत आहे. फरक माणसात आहे, त्याच्यात नाही. धडधाकट पोलीस उमेदवारात तो निजलेला. गरोदर बायकांत निजलेला. नवजात बाळाच्या रक्तातली खूण पुष्कळदा आईकडून आलेली, म्हणून बाळाची लघवी तपासल्याखेरीज काही बोलायचं नाही. मोजक्या बाळांत मात्र तो खरोखर जागा होता, आणि त्यातली काही पुढे कानांनी अधू झाली. शेवटच्या खोलीत माळशेज रस्त्यावरच्या ढाब्यावर काम करणारा एक आचारी होता. त्याच्या डोळ्यांपुढे जाळं आलं होतं. मॅडम त्याच्याजवळ बसत. त्याने विचारलं, "मॅडम, मला हा कुठून लागला?" त्या म्हणाल्या, "हा तुझ्यात लहानपणापासून होता. तुझा बांध दुसऱ्याच कारणाने खचला." तो म्हणाला, "म्हणजे आईकडचा." तेवढ्याने त्याला बरं वाटलेलं दिसलं. का, ते मला कळलं नाही. मॅडमना कळलं असावं.

मग त्यांची स्वतःची मूत्रपिंडं गेली. रक्तदाब जुना होता, त्या इतरांचा मोजत, स्वतःचा मोजायच्या विसरत. आठवड्यातून दोनदा त्या कल्याणला डायलिसिसला जाऊ लागल्या. तिथेही शेजारच्या पलंगांवरच्या माणसांना विचारून त्यांनी नमुने आणले. डायलिसिसचा गट आमच्याकडे अपुरा होता. "आता मला आत प्रवेश आहे," त्या म्हणाल्या. ती प्लेटही पिवळी झाली, आणि शेवटचं घर कोरं राहिलं.

मूत्रपिंड अरुणने देऊ केलं. तो नाशिकला कारखान्यात होता, अबोल माणूस. मामाच्या घरी वाढलेल्या या बहिणीबरोबर त्याने सारं मिळून फार दिवस काढले नव्हते. जुळणी चांगली आली. त्याचं सीएमव्ही मी लावलं. पिवळं.

मुंबईचे सर्जन मॅडमच्याच भाषेत म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही कोऱ्या आणि दाता पिवळा, ही सगळ्यांत वाईट जोडी. बांध सैल करायची औषधं जन्मभर चालणार. मूत्रपिंडाबरोबर तो येईल, आणि तुमचं अंग त्याला ओळखत नाही. थांबून निगेटिव्ह दाता शोधायचा का?"

मॅडम इतक्या हसल्या की सर्जन गोंधळले. "अहो, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत निगेटिव्ह शोधत मीच हिंडले आहे. मला मीच सापडले. अरुणचंच घाला."

बसमध्ये परत येताना मी विचारलं, "मॅडम, भीती नाही वाटत?"

"जो गट मला माहीत नाही त्याची वाटली असती," त्या म्हणाल्या. "हा माहीत आहे. थोडी माणसं जातात, पुष्कळ राहतात. मी पुष्कळांत बसायचा प्रयत्न करीन." मग थोड्या वेळाने, "लहानपणी एखाद्या पोराचं उष्टं बोर खाल्लं असतं तर बरं झालं असतं."

शस्त्रक्रिया चांगली झाली. विषाणूवरचं औषध काही महिने चालू होतं, तोवर काही झालं नाही. औषध थांबलं आणि पुढे त्यांना बारीक ताप यायला लागला. मुंबईत रक्त दिलं होतंच, पण त्या शहापूरला आल्या आणि म्हणाल्या, "माझं घर लाव." ती पिवळी झालेली प्लेट, जिच्यापासून मी सुरुवात केली.

त्यांनी प्लेट उजेडात धरली. पहिल्या ओळीतलं शेवटचं घर इतर सगळ्यांसारखंच होतं. वेगळं ओळखू येत नव्हतं.

"अरुणच्या आईचं दूध," त्या म्हणाल्या. "उशिरा पोचलं." मग प्लेट माझ्याकडे दिली. "आता निगेटिव्ह कंपनीचाच वापर. आणि तोंड असं करू नकोस, सुनंदा. रिपोर्ट लिही."

त्या आठवड्यांत तो त्यांच्या आतड्यांत उतरला, मग फुप्फुसांत. मुंबईत शिरेतून औषध चाललं. अरुण रजा काढून बाहेर बाकावर बसून असे. आतून मॅडम परिचारिकेकडून त्याला निरोप पाठवत, "जेवलास का विचारा." त्यातून त्या उठल्या. मूत्रपिंडाला धक्का बसला होता, पण ते चालत होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांनी मला टोकावड्याला चल म्हटलं. वाडीपर्यंत चढवणार नव्हतं, म्हणून हिराच खाली रस्त्यावर आली, काळू आणि ताराला घेऊन. आम्ही एसटी थांब्याजवळच्या ढाब्याच्या बाकावर बसलो. समोर एक बाई निखाऱ्यावर कणसं भाजत होती. काळूने ताराला कणीस घेऊन दिलं. ती ते मन लावून खात मॅडमकडे बघत होती. तोंडावर पांढरं फडकं बांधलेली ही बाई कोण, असं तिला वाटत असावं.

"अगो, ह्याच बायचा रगत तुज्यात हाय," हिरा म्हणाली.

ताराने विचार केला. मग अर्धं खाल्लेलं, लाळेने ओलं झालेलं कणीस पुढे केलं.

"उष्टा नको देव गो बायला," हिरा ओरडली. "बाय कुनाचा उष्टा खात नाय."

मॅडमनी तोंडावरचं फडकं खाली केलं. "दे," त्या म्हणाल्या. "आता खाते."

त्यांनी कणीस घेतलं, दोन्ही हातांनी धरलं आणि जिथे ताराने सोडलं होतं तिथूनच खायला सुरुवात केली. सावकाश, एकेक ओळ. तारा शेजारी उभी राहून किती उरलं ते बघत होती. थोडं ठेवून मॅडमनी ते तिला परत दिलं.

मुरबाडची एसटी आली. त्यांना त्याच रात्री मुंबईला पोचायचं होतं, मी मागून येणाऱ्या शहापूरच्या गाडीसाठी थांबले. त्या खिडकीत बसल्या. गाडी हलली तेव्हा त्या हात करत नव्हत्या. दातात अडकलेला दाणा करंगळीच्या नखाने काढत होत्या, आणि ते काम त्यांच्या नेहमीच्या एकाग्रतेने चाललं होतं. मी त्यांना पाहिलं ते तेवढं शेवटचं.

हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला, दुसऱ्याच जंतूचा. अरुणचा फोन आला तेव्हा मी प्लेट धूत होते. त्याने सांगितलं, शुद्धीत होत्या तोवर डॉक्टरांना बजावत होत्या, कारण लिहिताना सीएमव्ही लिहू नका, त्याला उगीच दोष लागेल. इतक्या वर्षांत दुसऱ्याला उलटून विचारण्याखेरीज त्यांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. शेवटी वापरला तो विषाणूची बाजू घेताना.

आता प्रयोगशाळेत निगेटिव्ह कंपनीचा वापरतात. जनीआजी गेली. तारा शाळेत जाते, तिचे कान चांगले आहेत. फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात मॅडमच्या सीरमची एक कुपी आहे, अरुणचं मूत्रपिंड येण्याआधीची. मी ती कशात वापरलेली नाही. ती कोरी आहे.